चोवीस तारा आणि सात रचना

शास्त्रीय गिटार वाजवणाऱ्या कुणाच्याही वह्या चाळून बघा. त्यात एक नाव हमखास सापडेल: बाखचे ल्यूट सुइट. सुइट म्हणजे नृत्यांच्या चालींवर बांधलेल्या तुकड्यांची मालिका. या मालिकांना पहिली, दुसरी, तिसरी, चौथी असे आकडेही असतात. ते पाहून कुणालाही वाटेल की या जर्मन संगीतकारानं ल्यूट हे वाद्य समोर ठेवून चार मालिका रचल्या, त्यांना ओळीनं आकडे घातले आणि त्यांचा एक ग्रंथ सिद्ध केला.

यातलं काहीच घडलेलं नाही.

योहान सेबास्टियन बाख १६८५ साली जन्मला आणि १७५० साली गेला. त्याच्या रचनांची यादी वोल्फगांग श्मीडर यांनी १९५० साली छापली. आजही बाखच्या प्रत्येक रचनेला याच यादीतला क्रमांक लावतात. या यादीत हजाराहून जास्त नोंदी आहेत. चर्चमध्ये गायच्या कंताता दोनशेच्या आसपास उरल्या आहेत, ऑर्गनचं संगीत शेकड्यांनी आहे, एकट्या व्हायोलिनसाठी सहा मोठ्या रचना आहेत आणि एकट्या चेलोसाठी सहा. मग ल्यूटच्या वाट्याला किती आलं? क्रमांक ९९५ ते १००० आणि एक १००६-अ. फक्त सात!

आणि ल्यूट काही त्या काळी विस्मरणात गेलेलं वाद्य नव्हतं. युरोपनं ऐकलेल्या सर्वांत थोर ल्यूटवादकांपैकी एक त्याच वेळी, त्याच सॅक्सनी राज्यात, बाखच्या लाइपझिगपासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर राहत होता. बाखच्या ओळखीत ल्यूट वाजवणारी माणसं होती. इतकंच काय, त्याच्या घरात एक ल्यूट होतं. मग असं का झालं?

उत्तराकडे जाण्याआधी त्या सात रचना एकेक करून हातात घेऊ. कारण जवळून पाहिलं की सात हा आकडाही हातात राहत नाही.

९९५ पासून सुरुवात करू. ही रचना बाखच्या स्वतःच्या अक्षरात आहे. ती ब्रसेल्सच्या राजग्रंथालयात जपलेली आहे आणि तिच्यावर ती ल्यूटसाठी असल्याचं आणि शूस्टर नावाच्या गृहस्थांना दिल्याचं स्पष्ट लिहिलंय. एवढा पक्का पुरावा दुसऱ्या कुठल्याच रचनेला नाही. पण वाजवून पाहा, संगीत ओळखीचं निघतं. चेलोसाठी लिहिलेला पाचवा सुइट बाखनं इथे ल्यूटकडे वळवला आहे. १००६-अ सुद्धा बाखच्याच अक्षरात आहे, पण ते मुळात व्हायोलिनच्या तिसऱ्या पार्टिटाचं (पार्टिटा म्हणजेही सुइटच) रूपांतर आहे, आणि हस्तलिखितावर वाद्याचं नावच नाही. (या पार्टिटाचा पहिला तुकडा बाखचा फार लाडका असावा. १७३१ साली त्यानं तो एका कंतातेच्या सुरुवातीला ऑर्गन आणि वाद्यवृंदाला दिला.) १००० म्हणजे व्हायोलिनच्या पहिल्या सोनाटातला फ्यूग (तो काय असतो ते पुढे पाहू). तो ल्यूटच्या लिपीत उतरवला लाइपझिगच्या योहान क्रिस्टियान वायराउख यानं.

चार उरल्या. ९९९ हे एक छोटंसं, देखणं प्रिल्यूड, म्हणजे प्रस्तावनेचा तुकडा, आहे. सी मायनरमध्ये सुरू होऊन ते मूळ स्वरावर परत येतच नाही, जी या सुरावर थांबतं, जणू पुढे काहीतरी यायचं आहे. योहान पेटर केलनर यानं केलेल्या प्रतीमुळे ते आपल्यापर्यंत पोचलं. ९९७ पाच तुकड्यांची आहे. तिलाही वायराउखनं ल्यूटच्या लिपीत आणलं, पण त्यानं तीनच तुकडे घेतले. फ्यूग आणि शेवटचा वेगवान तुकडा त्यानं सोडून दिला. ९९६ ची प्रत बाखचा नातलग योहान गॉटफ्रीड वाल्टर याच्या हातची आहे, आणि तिच्यावर ल्यूटचं नाव नसून ‘लाउटनवेर्क’ असा एक चमत्कारिक शब्द आहे. त्याच्याकडे आपण नंतर येऊ. राहिली ९९८. तीही बाखच्या अक्षरात आहे आणि सातांतली सर्वांत सुंदर. तिच्या माथ्यावर बाखनं लिहिलंय की हे प्रिल्यूड ल्यूटसाठी आहे, किंवा हार्प्सिकॉर्ड या कीबोर्डच्या वाद्यासाठी.

किंवा!

म्हणजे बाखच्या स्वतःच्या हातानं, मुळातून नवं आणि फक्त ल्यूटसाठी लिहिलेलं एकही पान आज आपल्याकडे नाही. ‘चार ल्यूट सुइट’ हा संच आला कुठून? हान्स डागोबेर्ट ब्रूगर यांनी १९२१ साली जर्मनीत या विखुरलेल्या रचना एकत्र करून ‘बाखचं ल्यूटसंगीत’ म्हणून छापल्या. विसाव्या शतकात गिटार मैफलीत स्थिरावत होती, तिला जुनं आणि भारदस्त संगीत हवं होतं, आणि हा संच तिच्या हाती पडला. बाखच्या मृत्यूनंतर १७१ वर्षांनी!

आता ते वाद्यच जवळून पाहू, कारण खरं गूढ तिथे आहे.

ल्यूट हे अरबांच्या ऊदचं युरोपात वाढलेलं वंशज. पाठ अर्ध्या नासपतीसारखी फुगीर, पातळ लाकडी पट्ट्या एकमेकींना चिकटवून केलेली. वाद्य हातात घेतलं की इतकं हलकं लागतं की पोकळ असल्याची खात्री पटते. दांडीवरचे पडदे आपल्या सतारीसारखे बांधलेले, सरकवता येणारे. फरक इतकाच की ते धातूचे नसतात, तातीचे असतात. ताराही तातीच्याच, म्हणजे जनावराच्या आतड्यापासून केलेल्या. बाख तरुण होता तेव्हा जर्मन ल्यूटला तारांच्या अकरा जोड्या असत. १७२० च्या सुमाराला त्या तेरा झाल्या. वरच्या दोन जागी एकेकच तार, बाकी अकरा जागी दोन-दोन. एकूण चोवीस तारा.

चोवीस तारा, सगळ्या तातीच्या. हवेत ओलावा वाढला की तात फुगते, कोरडेपणा आला की आखडते, मैफलीत मेणबत्त्या पेटल्या की पुन्हा बदलते. आणि ज्या पडद्यांवर सूर शोधायचा तेही तातीचेच! हॅम्बुर्गचा संगीतलेखक योहान माटेसन यानं १७१३ साली ल्यूटवाल्यांना असं चिडवलं होतं की यांचं बरंचसं आयुष्य सूर जुळवण्यातच सरतं. ल्यूटवाल्यांना ते फार लागलं. एर्न्स्ट गॉटलीब बारोन यानं १७२७ साली न्यूर्नबेर्गला ल्यूटवर एक अख्खं पुस्तक छापलं आणि त्यात माटेसनला सविस्तर उत्तर दिलं.

पण सूर जुळवण्याच्या त्रासानं बाख मागे हटला असेल, हे मला पटत नाही. हार्प्सिकॉर्डही सारखं जुळवावं लागतं, आणि ते तो स्वतः जुळवायचा. कारण जास्त खोल आहे, आणि ते दोन ठिकाणी दडलेलं आहे: ल्यूटच्या लिपीत आणि ल्यूटच्या खर्जात.

आधी लिपी. व्हायोलिन, ऑर्गन, गायक, सगळ्यांसाठी पाश्चात्त्य संगीत पाच रेषांवर लिहितात. टिंब कोणत्या रेषेवर आहे त्यावरून सूर कळतो. ल्यूटवाल्यांची लिपी वेगळी, तिला टॅब्लेचर म्हणतात. त्यात सहा रेषा असतात, पण त्या सुरांच्या नसून तारांच्या असतात. रेषेवर फ्रेंच अक्षरं लिहितात. ए म्हणजे तार मोकळी वाजवा, बी म्हणजे पहिल्या पडद्यावर दाबा, सी म्हणजे दुसऱ्यावर. खालच्या खर्जाच्या तारा रेषांच्या खाली, वेगळ्या खुणांनी. पाच रेषांची लिपी घराचा पत्ता सांगते, आणि टॅब्लेचर सांगते की चौकातून डावीकडे वळा, दुसरी गल्ली, तिसरं दार. पत्ता कुणीही लिहू शकतं, त्या गावात कधीही न गेलेला माणूससुद्धा. पण डावं-उजवं सांगायला ते गाव पायाखाली घातलेलं असावं लागतं.

ल्यूटच्या जगाचं सगळं रहस्य इथे आहे. त्या काळात ल्यूटचं संगीत ल्यूटवादकच रचत. हात आधी तारांवर फिरत, संगीत तिथे सापडे, आणि मग ते टॅब्लेचरमध्ये उतरे. बाहेरच्या संगीतकाराला त्या जगात शिरायला दार नव्हतं, कारण ती लिपी लिहिण्यासाठी ते वाद्य बोटांत असावं लागे. आणि बाख ल्यूट वाजवत असल्याचा कुठलाही पुरावा नाही. व्हायोलिन तो लहानपणापासून जाणत होता. त्याचे वडील गावचे वादक होते, आणि अठराव्या वर्षी वायमारला मिळालेली पहिली नोकरी दरबारातल्या व्हायोलिनवाल्याची होती. म्हणून एकट्या व्हायोलिनसाठी तो अशक्य वाटावं असं लिहू शकला: कुठलं बोट किती ताणेल आणि कुठल्या तारेवर कमान कशी वळेल, ते त्याच्या अंगात होतं. ल्यूटच्या बाबतीत ते नव्हतं. म्हणून त्याच्या अक्षरातल्या ल्यूटच्या रचना पाच रेषांच्या लिपीत आहेत, कीबोर्डच्या संगीतासारख्या वरखाली दोन ओळींत. टॅब्लेचर जिथे आहे तिथे ते दुसऱ्यांनी केलं.

याचा एक सुंदर पुरावा ९९५ मध्येच आहे. तेरा जोड्यांच्या ल्यूटची सर्वांत खालची तार ए या सुरावर उतरते. बाखनं तिथे त्याच्याही खालचा जी लिहिला आहे. तेरा जोड्यांच्या वाद्यावर तो सूरच नाही! चौदावी जोडी लागेल. ल्यूट मांडीवर घेऊन रचणाऱ्याच्या हातून असं होणं शक्य नाही, कारण त्याचा अंगठा तिथे गेला असता आणि त्याला तार सापडली नसती. आजचे बरेच वादक ही अख्खी रचना एक सूर वर सरकवून ए मायनरमध्ये वाजवतात.

आता खर्ज. इथे मात्र थोडं थांबावं लागेल, कारण वाद्याची घडण आणि बाखच्या मनाची घडण इथे एकमेकांना भिडतात.

ल्यूटच्या खालच्या बहुतेक जोड्या बोटानं दाबायच्याच नसतात. त्या मोकळ्या वाजवायच्या. तुकडा ज्या स्केलमध्ये असेल त्या स्केलच्या सुरांना त्या आधीच लावून ठेवतात. उजव्या हाताचा अंगठा त्यांच्यावर पायऱ्या उतरल्यासारखा उतरतो, आणि तो गंभीर, लांबवर घुमणारा खर्ज ऐकताना अंगावर काटा येतो. वाद्याचं वैभव तिथे आहे. आणि बंधनही तिथेच आहे. समजा तुम्ही खर्जाची एक तार एफ शार्पला लावली. तुकडा निम्मा झाला, संगीत दुसऱ्या स्केलकडे वळलं आणि आता खाली साधा एफ हवा. पेटीवर ती पट्टी शेजारीच असते. ल्यूटवर तो सूर तुकडा संपून खुंटी पिळेपर्यंत मिळत नाही. शिवाय वाजलेली खर्जाची तार आपोआप थांबत नाही. पुढचा सूर तिच्याशी भांडणारा असेल तर तिला हातानं गप्प करावं लागतं.

आणि ज्या माणसाकडून ल्यूटला संगीत हवं होतं तो कोण होता? ज्यानं १७२२ साली चोवीसच्या चोवीस स्केलमध्ये एकेक प्रिल्यूड आणि एकेक फ्यूग लिहून एक ग्रंथ पुरा केला, तो! त्याचं संगीत एका घरात बसतच नाही. चार ओळींत तीन स्केल फिरून येतं आणि खर्ज त्याच्याबरोबर प्रत्येक वळण घेतो. बाखचा खर्ज वरच्या सुरांना टेकू देऊन उभा राहत नाही, तो स्वतःच गातो.

शिवाय फ्यूग. फ्यूगमध्ये एक आवाज छोटीशी सुरावट म्हणतो. ती संपते न संपते तोच दुसरा आवाज तीच सुरावट वेगळ्या उंचीवर सुरू करतो आणि पहिला त्याच्याभोवती नवं काही विणत राहतो. मग तिसरा येतो, कधी चौथाही. सगळे एकाच वेळी बोलतात आणि तरी प्रत्येकाचं बोलणं वेगळं ऐकू यायला हवं. आता ल्यूटवर एक सूर कसा निघतो ते आठवा. डाव्या हाताचं बोट तार दाबतं, उजव्या हाताचं बोट ती छेडतं. वरच्या तारांवरच्या दाबलेल्या प्रत्येक सुरामागे दोन हात लागतात. डाव्या हाताची चारच बोटं, आणि तीही दांडीवर एकमेकांपासून फार लांब जाऊ शकत नाहीत. एखादा सूर धरून ठेवायचा तर ते बोट तिथे अडकलं, म्हणजे उरली तीन. कीबोर्डवर मात्र एका सुराला एक बोट पुरतं. दहा बोटं, दहा स्वतंत्र सूर. फ्यूग जणू या दहा बोटांसाठीच जन्मला.

टॅब्लेचरचीही इथे अडचण होते. सूर कुठे आणि कधी छेडायचा ते ती लिपी सांगते, पण तो किती वेळ टिकवायचा आणि तो कोणत्या आवाजाचा आहे, हे सांगत नाही. बाखला तर नेमकं तेच सांगायचं असतं. वायराउखनं ९९७ चा फ्यूग सोडून दिला, यात त्याला दोष देववत नाही. उलट त्यानं १००० चा फ्यूग पुरा उतरवला, त्याचंच नवल वाटतं. पण तो मूळ व्हायोलिनचा होता. चार तारांवर मावेल इतका बाखनंच तो आवरलेला होता, म्हणून तो चोवीस तारांवर सुखानं नांदला.

मग ल्यूटवर थोर संगीत होतच नव्हतं का? होत होतं, आणि किती! सुरुवातीला सांगितलेला तो थोर ल्यूटवादक म्हणजे सिल्वियस लेओपोल्ड वाइस, बाखच्याच पिढीतला. १७१८ पासून तो सॅक्सनीच्या ड्रेस्डेन दरबारात होता आणि पुढे तिथल्या वादकांमध्ये सर्वाधिक पगार त्याला मिळे. ल्यूटच्या जोड्या तेरापर्यंत नेण्याचं श्रेय बहुतेक जण त्यालाच देतात. त्याचे सहाशेहून जास्त तुकडे आज आपल्याकडे आहेत. पण हयातीत त्यानं जवळजवळ काहीच छापलं नाही. टेलेमान या संगीतकाराच्या संगीत नियतकालिकात त्याचा एक तुकडा आला, तेवढाच. बाकी सारं हस्तलिखितांत, शिष्यांच्या आणि चाहत्यांच्या वह्यांत राहिलं. त्याचं संगीत त्याच्या हातात राहत होतं, अगदी शब्दशः. १७२२ साली पेटी नावाच्या एका व्हायोलिनवाल्यानं त्याच्या उजव्या हाताचा अंगठा चावून तोडायचा प्रयत्न केला. अंगठा वाचला. तो गेला असता तर सगळा खर्ज गेला असता, आणि खर्जाबरोबर किती संगीत कागदावर यायच्या आधीच गेलं असतं, या विचारानं आजही धस्स होतं.

वाइसचं संगीत ऐकलंत की फरक लगेच कळतो. तिथे सुरावट वर तरंगते, खर्ज मोजक्या जागी येऊन घुमतो आणि मधली जागा मोकळी असते. त्या मोकळ्या जागेत तारांचे सूर एकमेकांत मिसळतात. वाद्यालाच काय हवंय ते त्याला ठाऊक होतं. बाख ती जागा भरून टाकतो, कारण त्याच्या मनात तिथे तिसरा आवाज बोलत असतो.

हे दोघं भेटले, आणि भेटल्याची नोंद आहे. बाखचा नातलग योहान एलियास बाख त्या काळी त्याच्या घरी राहून लेखनिकाचं काम करायचा. १७३९ च्या उन्हाळ्यातल्या त्याच्या पत्रात आहे की बाखचा थोरला मुलगा विल्हेल्म फ्रीडमान ड्रेस्डेनहून चार आठवड्यांसाठी घरी आला आणि त्याच्याबरोबर वाइस आणि क्रोप्फगान्स हे दोन नामांकित ल्यूटवादक आले. घरात अनेकदा वादन झालं. पुढे १८०५ साली राइखार्ट या संगीतलेखकानं लिहून ठेवलं की वाइस आणि बाख यांची एकदा चढाओढ लागली होती, वाइस ल्यूटवर आणि बाख हार्प्सिकॉर्डवर, आणि दोघं आयत्या वेळी सुचेल तसे फ्यूग वाजवत होते. वाइसला ल्यूटवर फ्यूग जमत होता तर! त्याला जमणारच. पण असा हात समोर असताना त्याच्यासाठी दुसऱ्यानं लिहून द्यायची गरज कुठे उरते? त्याला वाजवायला बाखचा कागद लागत नव्हता.

नोकरी आणि बाजार यांचंही एक कारण आहे, पण ते थोडक्यात. १७२३ पासून बाख लाइपझिगच्या टोमास चर्चच्या शाळेत होता. त्याच्याकडून दर रविवारी चर्चचं संगीत अपेक्षित होतं, ल्यूटचं नव्हे. तो स्वतःच्या खर्चानं छापायला निघाला तेव्हा त्यानं कीबोर्डच्या पार्टिटा छापल्या, कारण विकत घेणाऱ्यांच्या घरी कीबोर्ड असे. १७३० साली एका जुन्या मित्राला पाठवलेल्या पत्रात त्यानं आपली कमाई वर्षाला सुमारे सातशे थालर (थालर म्हणजे तेव्हाचं चांदीचं नाणं) सांगितली. त्यात अंत्यसंस्कारांच्या संगीताचा वाटा मोठा असे, आणि लाइपझिगची हवा निरोगी असली की तो घटे, असंही त्यानं लिहिलंय. अशा हिशोबात ल्यूटची मागणी कुठे बसत नव्हती.

पण म्हणून ल्यूटचा सूर त्याला आवडत नव्हता असं समजू नका. मला तर उलटंच दिसतं. त्याच्या मोठ्या रचनांत ल्यूट कुठे आलं ते पाहा. १७२४ चं सेंट जॉन पॅशन, येशूच्या मृत्यूची कथा गाणारी रचना: येशूला चाबकाचे फटके मारल्यानंतर संगीत थबकतं आणि एक पुरुषी आवाज हळू गातो. त्याच्या साथीला दोन व्हायोला द’अमोरे आणि एक ल्यूट. १७२७ ची शोकगीतिका: सॅक्सनीच्या शासकाच्या लोकप्रिय पत्नीच्या मृत्यूनंतर १७ ऑक्टोबरला विद्यापीठाच्या चर्चमध्ये झालेली. तिच्यात दोन ल्यूट आहेत. सेंट मॅथ्यू पॅशनचं जुनं रूप: क्रूस वाहण्याच्या गाण्याला ल्यूट. तिन्ही जागी समोर मृत्यू आहे! पुढे सेंट जॉनमधला भाग बाखनं कीबोर्डकडे दिला, आणि सेंट मॅथ्यूमधला १७३६ च्या सुमारास व्हायोला दा गांबा या तंतुवाद्याकडे. ल्यूटवाला दर खेपेला मिळत नसावा. पण पहिल्यांदा सुचलं ते ल्यूटच. कारण तो सूर छेडल्याक्षणी विझायला लागतो.

मग ज्याला हा सूर इतका जवळचा होता आणि ज्याची बोटं तिथे पोचत नव्हती, त्यानं काय करावं?

बाखनं नवं वाद्य करवून घेतलं.

हेच ते लाउटनवेर्क. दिसायला हार्प्सिकॉर्डसारखं, पण आखूड. आत धातूच्या तारांऐवजी तातीच्या तारा. पट्टी दाबली की पिसाच्या काडीनं तात छेडली जाते आणि सूर निघतो ल्यूटचा. बाखचा शिष्य योहान फ्रीडरिख आग्रिकोला यानं १७४० च्या सुमाराला लाइपझिगमध्ये असं वाद्य पाहिलं आणि ऐकलं. त्याची कल्पना बाखची आणि कारागिरी झाखारियास हिल्डेब्रांट या ऑर्गन बांधणाऱ्याची. आग्रिकोलानं सांगितलंय की त्यात तातीच्या तारांचे दोन संच होते, वर पितळेच्या तारांचा एक लहान संच, आणि तो सूर कसबी ल्यूटवादकांनाही जवळजवळ फसवेल असा होता. त्याचं हे टिपण १७६८ साली छापलं गेलं.

विचार करा. सगळ्या अडचणी एका फटक्यात सुटल्या. हात दहा बोटांचे, कुठलंही बोट कुठलाही सूर काढायला मोकळं, खर्जाला बाराच्या बारा सूर, लिपी पाच रेषांची, आणि आवाज ल्यूटचा. गेलं ते एकच: ल्यूटवाल्याचं बोट तारेला कधी कुरवाळतं, कधी टोचतं, एक सूर मऊ आणि पुढचा ठणठणीत काढतं. कीबोर्डच्या पट्टीला ते जमत नाही. बाखनं तेवढं सोडून दिलं.

बाखच्या मृत्यूनंतर घरातल्या वस्तूंची मोजदाद झाली. तीत एक ल्यूट आहे, किंमत २१ थालर. आणि लाउटनवेर्क एक नाही, दोन आहेत, प्रत्येकी ३० थालर. ही रक्कम केवढी ते त्याच यादीतून कळतं. याकोब श्टाइनर या थोर कारागिराच्या नावानं नोंदलेलं एक व्हायोलिन तिथे ८ थालरचं आहे! अरेरे, त्या काळातलं एकही लाउटनवेर्क आज जगात उरलेलं नाही. आज जी वाजतात ती आताच्या कारागिरांनी जुन्या वर्णनांवरून घडवलेली. ती ऐका, आणि त्यावर ९९६ ऐका. गिटारवर जिथे बोटांची ओढाताण होते तिथे इथे संगीत सहज वाहतं.

९९८ चं हस्तलिखितही हीच गोष्ट सांगतं, आणि मला ते सर्वांत जास्त आवडतं. शेवटच्या वेगवान तुकड्याच्या अखेरीस पानावर जागा संपली. कागद महाग. तेव्हा बाखनं उरलेलं संगीत जागा वाचवायला अक्षरांच्या लिपीत बारीक लिहून टाकलं. कोणत्या लिपीत? रचनेच्या माथ्यावर ल्यूटचं नाव होतं, पण घाईत हातातून उतरली ती ऑर्गनवाल्यांची जुनी अक्षरलिपी, कीबोर्डची.

आणि एक शेवटची गोष्ट. व्हायोलिन आणि हार्प्सिकॉर्डसाठी बाखच्या नावावर ए मेजरमधला एक सुइट आहे, यादीत त्याचा क्रमांक १०२५. अभ्यासकांना तो फार दिवस खटकत होता: हार्प्सिकॉर्डचा भाग बाखचा वाटतच नाही, त्यात मोकळी जागा फार, खर्ज वेगळाच चालतो. कुणी म्हणे तो बाखचा नाहीच. शेवटी १९९० च्या दशकात उलगडा झाला. हार्प्सिकॉर्डच्या हातात आहे तो वाइसचा ल्यूटसाठीचा एक अख्खा सुइट, जवळजवळ जसाच्या तसा, आणि तो ड्रेस्डेनच्या वाइसच्या हस्तलिखितात सापडतो. त्याच्यावर व्हायोलिनची नवी सुरावट बाखनं बसवली. सुरुवातीची फंतासी तेवढी वाइसच्या वहीत नाही. वाइसनं ल्यूटच्या मधल्या जागा मोकळ्या ठेवल्या होत्या, आणि बाखला तिथे दुसरा एक आवाज ऐकू आला.